दोन दिव्यांची रेषा

भूमितीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात एक वाक्य होतं: दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते. यांदाक्लीच्या शाळेत एकतीस वर्षं मी ते फळ्यावर लिहिलं. त्यातली अकरा वर्षं वर्गाच्या खिडकीबाहेर, भिंतीला पाठ टेकून, माझे सासरे बसलेले असायचे. मुलं खिदळायची. "बाई, आजोबांना नापास केलंत का हो?" असं एका कार्टीनं विचारलं, तिला मी दिवसभर कोपऱ्यात उभं केलं. ते तिथं का बसतात हे मलाही माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

गार्ली उस्सा त्यांचं नाव. बर्फ पडत असताना जन्मले म्हणून गार्ली, आणि कारेज, म्हणजे पाण्याचं भुयार, खणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणून उस्सा, म्हणजे कसबी माणूस. आमच्या गावाला नदी नाही. पाणी यायचं ते कोपेतदाग डोंगराच्या पोटातून, दीड कोस लांबीच्या भुयारातून, आणि त्या भुयारावर ओळीनं बावीस विहिरी. वरून पाहिलं तर माळावर नुसते मातीचे ढीग दिसतात, घुशींनी उकरल्यासारखे. खाली मात्र माणसाचं आयुष्य जातं. सासऱ्यांचं पन्नास वर्षं गेलं. अंगठा उमटवणारा माणूस, पण अंधारात शंभर हात खणून समोरच्या विहिरीच्या तळाशी बरोबर मधोमध निघायचा.

ते कसं करतात हे माझ्या नवऱ्यानं, चारीनं, लग्नानंतर मला सांगितलं. भुयार खणणारा पुढं बघून सरळ जात नाही, मागं बघून जातो. मागं दोन दिवे ठेवायचे, एक विहिरीच्या तळाशी, दुसरा काही हातांवर. हातभर खणलं की मागं वळून बघायचं. पुढचा दिवा मागच्या दिव्याला झाकतोय, दोनाचा एक झालाय, तर तू सरळ आहेस. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. मान जरा कलती करायची. दोन्ही दिवे वेगळे दिसले पाहिजेत. कारण एक विझला असेल तरी एकच दिसणार, आणि तू खुशाल वाकडा खणत जाशील.

"तुझ्या पुस्तकात हे आहे?" चारीनं विचारलं.

"पुस्तकातले बिंदू विझत नाहीत," मी म्हटलं.

त्यानं ते बापाला जाऊन सांगितलं. म्हातारा दोन दिवस हसत होता म्हणे.

जो तो आपापली सरळ रेषा घेऊन बसलेला असतो हे मला त्या घरात कळलं. सासूबाई, बोस्सान एजे, मागावर बसून गालिचा विणायच्या. त्या म्हणायच्या, रेषा सरळ राहते ती कंगव्याच्या मारानं, सुनांचंही तसंच आहे. सरकार गावाला कालवा आणणार होतं, त्याचा मोजणीदार तिपाई घेऊन आला तेव्हा त्यानं आमच्या विहिरींवरूनच लाल पेन्सिल ओढली होती. सासऱ्यांनी नकाशाकडं बघून विचारलं, "ही तुझी रेषा कुठल्या मातीत आहे?" तो म्हणाला, "आगा, ती कागदावर आहे, तिला माती लागत नाही." "मग पाणी कसं लागेल बाबा?" म्हणून ते उठून गेले. गावात कुणी गेलं की कबर खणायलाही त्यांनाच बोलावायचे. कबरीची रेषा ठरलेली, मेलेल्याचं तोंड मक्केकडं. ते म्हणायचे, ही एकच जागा अशी की खणताना मागं बघावं लागत नाही.

हे सगळं मी ऐकलं, पण बोलले नाही. आमच्यात नव्या सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसतं. डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरायचं, त्याला यश्माक म्हणतात. मूल झालं की सासरा काहीतरी भेट देतो आणि सुनेला वाचा फुटते. मला मूल झालं नाही. सहा वर्षं झाली तरी टोक दातांतच. दिवसभर शाळेत चाळीस पोरांवर ओरडायचं आणि घराचा उंबरा ओलांडला की मुकी व्हायचं! शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, सासरे दिवसभर जमिनीखाली. त्यांनी माझा आवाज एकदाही ऐकला नव्हता. मला ते अंगवळणी पडलं होतं, खोटं कशाला सांगू, कधी कधी बरंही वाटायचं. नवऱ्याचं नाव तर कुठलीच बाई घ्यायची नाही. मी त्याला "ऐकलंत का" म्हणायचे, आणि तो मुद्दाम ऐकायचा नाही. "एकदा नाव घे, मग ऐकतो," असं छळायचा.

सासरे फार बोलके नव्हते, पण भाकरी मोडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. जमिनीखाली कुणाचं नाव घ्यायचं नाही. बोलवायचं असेल तर दगडावर तीन ठोके द्यायचे. नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही.

रहाट ओढणारा, हल्ली नावाचा, आमच्याच पंगतीला असायचा. गावातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात वात्रट. तो म्हणायचा, "का हो आगा? खालच्याला माझं नाव कळलं तर काय, तो माझ्याकडं उधार मागेल?"

"खाली जे आहे त्याला स्वतःचा आवाज नाही," सासरे म्हणायचे. "त्याला आपला लागतो."

हल्ली हसायचा, पण रात्री सोडाच, दिवसासुद्धा विहिरीत वाकून कधी कुणाला हाक मारायचा नाही.

छप्पन्न सालच्या वसंतात आठव्या आणि नवव्या विहिरीच्या मधे भुयार दोन ठिकाणी ढासळलं. दोन ढिगाऱ्यांच्या मधे पाणी कोंडून बसलं आणि गावचा पाट आटला. जर्दाळूची फुलं गळायला लागली. ठरलं असं की वरून येणारं पाणी तात्पुरतं अडवायचं आणि ढासळलेल्या भागाच्या डावीकडून नवं भुयार काढायचं. आठव्या विहिरीतून सासरे खणत जाणार, नवव्यातून चारी खणत येणार, मधे दोघांची गाठ. सासऱ्यांच्या उजवीकडं जुनं भुयार, पाण्यानं फुगलेलं, मधली भिंत जेमतेम चार हातांची. उजवीकडं कललं की संपलं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. मला तर झोप नव्हती.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, मी भाकऱ्या आणि चहाची किटली घेऊन आठव्या विहिरीवर गेले. हल्ली तिथं नव्हता. भुयाराला लावायचे टेकू आणायला उंट घेऊन तो गावात गेला होता. दोन्ही विहिरींचा रहाट तोच बघायचा, त्यामुळं माळावर मी एकटी. खालून कुदळीचा आवाज येत होता, एक जवळचा, एक लांबचा. दोन आवाज म्हणजे गाठ पडायला आली. मला इतका आनंद झाला की मी विहिरीत वाकून पाहिलं.

वरून पाहिलं की तळाशी पहिल्या दिव्याचा पिवळा डाग दिसायचा. रोज मी तो बघायचे. त्या दिवशी डाग नव्हता.

सकाळी तेल मीच भरलं होतं. पहिला दिवा विझलेला, म्हणजे त्यांच्या मागं एकच दिवा, आणि एकच दिवा नेहमी सरळच दिसतो. मी दगड घेऊन काठावर तीन ठोके दिले. पुन्हा तीन. कुदळी चालूच. दोर हलवला, पण दोर तळाशी आणि ते पन्नास हात आत. मग एकच उपाय उरला, आणि मी तो केला नाही. उभी राहिले. रुमालाचं टोक दातांत धरून, किटलीतला चहा निवेपर्यंत मी उभी राहिले. सहा वर्षांची सवय होती, दात उघडेनात. कुणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई, आणि असं? हो, असंच.

शेवटी टोक ओढून काढलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "गार्ली आगा!"

हाक परत आली. विहिरीत आवाज आपटून परत येतो, हे मीच मुलांना शिकवलं होतं. पण ती हाक जरा उशिरा आली. आणि माझी हाक खोल गेली होती, तिथून जेवढ्या लांबून यायला हवी होती त्यापेक्षा जवळून आली. मी मागं सरले आणि नकळत रुमाल तोंडात कोंबला. दुसरी हाक मारलीच नाही.

मग लक्षात आलं, खाली कुदळी थांबल्यात. दोन्ही. बराच वेळ काहीच नाही. मग एकच कुदळ, घाईघाईनं, पाच-सहा घाव. आणि मग पायाखालची जमीन गुरगुरली.

हल्ली धावत आला तेव्हा दोर ताठ झाला होता. आम्ही दोघांनी रहाट फिरवला. वर आले ते सासरे, चिखलानं माखलेले, दोर मनगटाला गुंडाळलेला. ते माझ्याकडं बघत राहिले. रहाट ओढताना रुमाल सुटला होता, मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उघड्या तोंडानं उभी होते. "तो?" हल्लीनं विचारलं. त्यांनी मान हलवली.

त्याच वेळी खाली गावात बायका ओरडत होत्या, "पाणी आलं! पाणी आलं!" हंडे घेऊन सगळ्या पाटाकडं धावल्या. पाण्यावर पहिल्यांदा त्याची गोल टोपी आली. मी भरलेली, लाल आणि काळ्या दोऱ्याची. बोस्सान एजेंनी ती ओळखली. मग तो आला.

त्याची कबर सासऱ्यांनीच खणली. कुणाला हात लावू दिला नाही.

गावानं जे बोलायचं ते बोललं. सुनेनं यश्माक मोडली, जमिनीखाली माणसाचं नाव घेतलं, दुसरं काय होणार? मलाही तेच वाटत होतं. माझी हाक गेली, कुदळी थांबल्या, आणि माणूस गेला. यात शिकवायला लागेल असं काय आहे? सासरे खाली काय झालं ते कुणालाच सांगेनात. चौकशीला आलेल्यांना ते एवढंच म्हणाले, "मागं दोन दिवे होते. दर हाताला मान कलती करून बघितलं. दोन होते." त्यांनी लिहून घेतलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पाणी ओसरल्यावर हल्ली खाली उतरला. पहिला दिवा डोक्याइतक्या उंच कोनाड्यात होता, म्हणून वाचला होता. वर आणून त्यानं माझ्यासमोर ठेवला. तेलानं काठोकाठ भरलेला. वात जळून संपलेली नव्हती. बोटांनी चिमटल्यासारखी चपटी झाली होती.

मग मी एक वेडेपणा केला. हल्लीकडून मापं घेतली आणि शाळेतल्या कागदावर सासऱ्यांनी खणलेलं भुयार काढलं. ते उजवीकडं गेलं होतं, पण अडखळत नाही, आंधळ्यासारखं नाही. पट्टी लावावी तसं सरळ. कुणीतरी दोन दिवे बघूनच खणलं होतं. मी टोकापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत रेषा ओढली आणि तशीच मागं वाढवली. ती पहिल्या कोनाड्याला लागली नाही. बाजूच्या भिंतीत शिरली. तिथं कोनाडा नाही, काही नाही, नुसती माती. कागद मी तंदूरमध्ये टाकला. मला त्यानंतर कित्येक दिवस फळ्यावर दोन ठिपके काढवत नव्हते.

त्यानंतर सासऱ्यांनी कुदळ हातात धरली नाही. आणि चारीचा चाळीसावा दिवस झाल्यावर ते शाळेच्या खिडकीखाली येऊन बसायला लागले. पाऊस असो, ऊन असो. मी शिकवायला लागले की डोळे मिटायचे, तास संपला की उठून जायचे. घरी आम्ही पूर्वीसारखेच. मी रुमाल दातांत धरायचे, ते माझ्याशी न बोलता सासूबाईंना म्हणायचे, "हिला म्हणावं चहा दे." माहेरचे न्यायला आले तरी मी गेले नाही. मला वाटायचं, ज्या सुनेनं मुलगा खाल्ला तिचा आवाज हा माणूस रोज ऐकायला येतो, ही माझी शिक्षा आहे, आणि ती पुरी झाल्याशिवाय जायचं नाही. एकदा बोस्सान एजे मागावरून न उठता म्हणाल्या, "तो तुझा राग करत नाही गं. राग केला असता तर मला कळलं असतं, चाळीस वर्षं माझाच करतोय." त्यावर मी रुमालाआड हसले होते. त्या घरात हसल्याचं तेवढंच आठवतं.

कालवा आला. वाकडातिकडा आला, लाल रेषेवरून आला नाही, पण पाणी आलं. कारेज कोरडी पडली. अकराव्या वर्षी, हेमंतात, सासऱ्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी बोस्सान एजे माझ्याकडं आल्या आणि माझ्या तोंडातलं रुमालाचं टोक त्यांनी आपल्या हातानं काढलं. "तुला बोलावतोय. बोल म्हणतोय," असं म्हणून बाहेर अंगणात जाऊन बसल्या.

उशीवर त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. उशाशी एक नवा रुमाल घडी घालून ठेवला होता, सुनेला वाचा देताना देतात तसा. म्हणाले, "घे. उशीर झाला. आता खरं सांग. त्या दिवशी हाका किती मारल्यास?"

"एक," मी म्हटलं. माझाच आवाज मला त्या खोलीत परका वाटला.

"काय म्हणून?"

"गार्ली आगा."

"आणि दुसरी?"

"दुसरी नाही मारली. मारायला हवी होती. भ्याले."

ते उशीवर जरा वर सरकले. मग सांगितलं. इतके सावकाश बोलत होते, की खणतायत असं वाटावं.

"आम्ही भेटलो होतो. भिंतीला भोक पडलं, तो सरपटत माझ्या बाजूला आला, मला मिठी मारली. तेवढ्यात हाक आली, गार्ली आगा. बाईची. मी त्याचं मनगट धरलं, म्हटलं ओ देऊ नको. तो हसला. म्हणाला, बाबा, ही आपली मायसा आहे. मी म्हटलं, मायसाचा आवाज मी कुठं ऐकलाय? मग दुसरी हाक आली. त्याच्या नावानं."

मी अंथरुणाशी आणखी सरकले.

"त्याचा चेहरा बघायला हवा होतास. असा उजळला. म्हणाला, सहा वर्षं नाव घेतलं नाही, आज घेतलंन! तिसरी हाक आली. चौथी. उजवीकडून, भिंतीपलीकडून. तो म्हणाला, ती खाली उतरलीय बाबा, पलीकडं अडकलीय. मी धरत होतो. त्यानं हात सोडवला आणि कुदळ घातली." त्यांनी डोळे मिटले. "मला वाटलं, तू असशील. वरून घाबरून त्याला हाका मारल्या असशील, आवाज फिरून तिकडून आला असेल. तसं असेल तर तुला सांगून काय मिळवू? जन्मभर उरावर घेऊन बसली असतीस. आणि तू नसशील तर... मला तुझा आवाजच माहीत नव्हता, सूनबाई. म्हणून ऐकायला येत होतो. अकरा वर्षं ऐकला. पहिली हाक तुझीच होती, ते पहिल्या महिन्यातच कळलं. पण बाकीच्यांचं कळेना. तू शाळेत ते नाव कधी घेत नाहीस."

"मी कधीच घेतलं नाही," मी म्हटलं. "आयुष्यात एकदाही नाही."

"मग आता घे. मला जायच्या आधी ऐकू दे."

मी रडत होते. त्यांच्या कानाशी वाकले आणि नवऱ्याचं नाव घेतलं. "चारी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. भिंतीला कान लावून ठोके ऐकत तसे ऐकत राहिले.

"पुन्हा."

"चारी."

"नाही," ते म्हणाले. सगळा चेहरा सैल पडला. "ती तू नव्हतीस. आवाज तुझा होता, पण ती नाव घेताना लाजली नाही."

तिसऱ्या दिवशी ते गेले. कबर हल्लीनं खणली, आणि खणताना तो सारखा मागं वळून बघत होता.

आता मी सासूबाई गेल्या त्या वयाची झाले. मला गप्प बसवणारं कुणी उरलं नाही, आणि मी बोलते, गाव कंटाळेल इतकं बोलते. पण बहिणीच्या गावची वाट माळावरून जाते, त्या विहिरींच्या ओळीला धरून. आठवी विहीर जवळ आली की मी रुमालाचं टोक दातांत घट्ट धरते आणि ती मागं पडेपर्यंत सोडत नाही. बरोबरच्या पोरी हसतात, म्हणतात, आजी, इथं कोणता सासरा बसलाय? मी उत्तर देत नाही. खालच्यानं एका हाकेत माझा आवाज उचलला होता. आता नवऱ्याच्या नावाची खरी हाकही माझ्या तोंडून निघालेली आहे, आणि ती त्या खालच्याला ऐकून शिकू द्यायची नाही.